अडकित्त्याच्या आवाजासकट अण्णा : जुन्या कॅसेट जपून देणाऱ्या एका दुकानाविषयी

छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, जुन्या कॅसेटमधील आवाज संगणकावर उतरवून देणारे एक लहानसे दुकान आहे. पूर्वी तिथे रेडिओ आणि टेप रेकॉर्डर दुरुस्त होत असत आणि आजही भिंतीवरच्या फळ्यांवर उघडे पडलेले टेप डेक, पट्ट्यांची वेटोळी आणि स्क्रूच्या डब्या दिसतात. गेल्या वर्षभरात मी माझ्या वडिलांच्या अकरा कॅसेट तिथे दिल्या आणि त्यांपैकी नऊ कॅसेटमधील आवाज मला परत मिळाला. ज्यांच्या घरात अशा कॅसेट पेटीत पडून आहेत त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

आमचे अण्णा सेलू तालुक्यातील एका गावात प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. २०१५ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समोरच्याचे बोलणे त्यांना सगळे कळत असे, पण उत्तर म्हणून तोंडातून एकच शब्द निघत असे, तो म्हणजे ‘बरं’. भूक लागली तरी ‘बरं’, राग आला तरी ‘बरं’, नातवंडे शाळेतून आली तरी ‘बरं’. दहा वर्षे हे असे चालले आणि गेल्या वर्षी माघात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. ज्या माणसाच्या तोंडून गोष्ट ऐकायला अख्खी आळी ओट्यावर बसत असे, तो माणूस या दोघांना फक्त खुर्चीत बसलेला आणि ‘बरं’ म्हणणारा म्हणून माहीत होता. तेराव्यानंतर भिंतीवर हार घातलेला फोटो लागला आणि त्या फोटोची माझ्या मुलाला भीती वाटू लागली, कारण तो निवडणूक ओळखपत्रावरच्या चित्रावरून मोठा करून घेतलेला होता आणि त्यात अण्णांची नजर कुणाकडेच नव्हती. वडील गेल्याचे दुःख मला होतेच, परंतु माझ्या मुलांना ते कधी मिळालेच नाहीत, हे दुःख मला अधिक जड जात होते.

कॅसेट होत्या, हे मला ठाऊक होते. १९८७ ते १९९२ या काळात मामांनी दिलेल्या टेप रेकॉर्डरवर अण्णा सुट्ट्यांच्या रात्री आम्हा भावंडांना गोष्टी सांगत सांगत त्या भरून ठेवत. काही कॅसेट मूळच्या भजनांच्या होत्या; पुन्हा भरता येऊ नये म्हणून कडेचे प्लॅस्टिकचे पान मोडलेले असल्यामुळे तिथे चिकटपट्टी लावून त्यांनी त्याच पुन्हा वापरल्या होत्या. या सगळ्या कॅसेट पत्र्याच्या पेटीत, बाईच्या लुगड्यांखाली होत्या. (आईला आम्ही बाई म्हणतो.) वर्षश्राद्ध सहा-सात महिन्यांवर येईपर्यंत ती पेटी उघडण्याचे धैर्य माझ्याने झाले नाही.

सुरुवातीला मी एक कॅसेट दुसऱ्याच एका शहरातील एका दुकानात दिली होती. तिथून चार दिवसांत फाइल आली. खरखर पूर्ण नाहीशी झाली होती, परंतु तिच्याबरोबर अण्णाही निम्मे नाहीसे झाले होते. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलण्यामधल्या शांततेच्या जागा कापून टाकलेल्या होत्या. अण्णा गोष्ट सांगताना ऐन मोक्याच्या जागी थांबत. त्या थांबण्यातच गोष्टीचा अर्धा जीव असे. त्या फाइलमध्ये ते एखाद्या बातमीदारासारखे घाईने बोलत होते. मी ती मुलांना ऐकवली नाही.

त्यानंतर परभणीतील एका स्नेह्यांनी औरंगपुऱ्यातील हे दुकान सांगितले. इथले मालक साठी उलटलेले आहेत. ते कुरिअरने कॅसेट स्वीकारत नाहीत, स्वतः घेऊन या असेच सांगतात, आणि हा नियम मला आधी अडचणीचा वाटला असला तरी आता योग्य वाटतो. मी स्टीलच्या डब्यात सुती कापडात गुंडाळून कॅसेट रेल्वेने नेल्या. त्यांनी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून फिरवून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “घरी लावून पाहिल्या का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “फार बरं केलं. जुन्या मशीनमध्ये पट्टा सैल झालेला असतो, तो टेप गिळतो. वीस सेकंदात गुरुजी गेले असते.”

त्यांचे काम करण्याची पद्धत थोडी समजावून सांगतो, कारण दुकान कोणतेही निवडले तरी या गोष्टी विचारता आल्या पाहिजेत. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर लांबीची आणि चार मिलिमीटरहूनही अरुंद अशी फीत असते. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने डोक्यासमोरून, म्हणजे मशीनमधल्या वाचणाऱ्या भागासमोरून, सरकते. फितीला डोक्याशी दाबून धरणारी फेल्टची एक चिमुकली गादी आत असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि गादी पडते. आमच्या चार कॅसेटच्या गाद्या पडलेल्या होत्या. त्यांची फीत मालकांनी नव्या, स्क्रूच्या घरांत, म्हणजे कॅसेटच्या प्लॅस्टिकच्या कवचांत, हलवली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत तेवढ्याच घरात मावावी म्हणून अधिक पातळ केलेली असते, त्यामुळे ती लवकर ताणली जाते किंवा तुटते, म्हणून तिला ते वेगाने मागेपुढे करत नाहीत. प्रत्येक कॅसेट लावण्यापूर्वी डोके अल्कोहोलने पुसून घेतात आणि त्या डोक्याचा कोन बारीक स्क्रूने कॅसेटगणिक जुळवतात, कारण कोन किंचित जरी चुकला तरी ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. यानंतर कॅसेट आहे त्या वेगानेच पूर्ण ऐकावी लागते. तासाभराच्या आवाजाला तासभर लागतोच, त्यात घाई करण्याची सोय नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते दोन प्रती देतात. पहिली प्रत कोणतीही साफसफाई न केलेली, मोठ्या आकाराची असते, तासाला सुमारे एक जीबी भरणारी. दुसरी हलकी, थोडी खरखर कमी केलेली, मोबाइलवर ऐकण्यासाठी. पहिलीला ते ‘मूळ’ म्हणतात आणि दुसरीला ‘रोजची’. “मूळ कधी पुसायची नाही,” असे त्यांनी मला तीनदा बजावले. “पुढं कुणी माझ्याहून हुशार येईल, त्याला काम करायला मूळ पाहिजे.”

या कामातील एक प्रसंग मी विसरू शकत नाही. तीन कॅसेट अण्णांनी वीज नसताना सेलवर भरलेल्या होत्या. सेल उतरत गेले तशी मशीनची गती भरतानाच मंदावत गेली होती, आणि त्यामुळे आता योग्य वेगाने लावल्यावर अण्णांचा आवाज हळूहळू घाईचा आणि बारीक होत जात होता. शेवटी शेवटी तर एखादा पोरगा बोलतो आहे असे वाटावे. विजेवर भरलेल्या कॅसेटमध्ये पाठीमागे एक बारीक गुंजन उमटलेले असते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते, म्हणून ते गुंजन मोजून वेग बरोबर लावता येतो. सेलवरच्या कॅसेटमध्ये ती खूण नसते. मालकांनी मला समोर बसवले, आवाज थोडा थोडा खाली आणत गेले आणि विचारत राहिले, “इथं? का अजून खाली?”

मला सांगता आले नाही. पन्नास वर्षे ज्यांचा मुलगा होतो त्या माणसाचा आवाज किती खोल होता, हे मला आठवेना. दहा वर्षांच्या ‘बरं’ने त्याआधीचा आवाज माझ्या कानातून कधी पुसून टाकला, ते कळलेही नव्हते. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी असताना माझ्या डोळ्यांना पाणी आले. मालकांनी मशीन थांबवले, पोराला चहा आणायला पाठवले आणि काही न बोलता त्याच तुकड्याचे पाच वेगवेगळे नमुने करून मला मोबाइलवर दिले. “घरी माउली आहेत ना? त्यांना ऐकवा,” एवढेच म्हणाले.

बाईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने पलंगावर बसून डोळे मिटले. पहिला नमुना लावला तेव्हा ती म्हणाली, “हे नाही. हे तर माझे दीर बोलल्यावानी वाटतंय.” दुसऱ्याला मान हलवली. तिसऱ्याला धाकटा भाऊ ‘हाच’ म्हणाला, पण ती म्हणाली, “अजून जाड पाहिजे.” चौथा लावला आणि ती काही बोललीच नाही. पदर डोक्यावर नीट घेतला, जशी ती अण्णा घरात आल्यावर घेत असे. काही दिवसांनी विजेवर भरलेल्या कॅसेट उतरवून झाल्या, तेव्हा मालकांनी त्यांतील आवाजाशी ताडून पाहिले. नमुना चौथाच बरोबर निघाला.

आता मुलांविषयी. एका रविवारी दुपारी आम्ही पहिली फाइल लावली, ती ‘रोजची’ प्रत. मी त्यांना आधी काही सांगितले नव्हते. थोडी खरखर झाली, कुठेतरी म्हैस ओरडली, आणि अण्णा म्हणाले, “बरं का बाळांनो...” माझा मुलगा ताडकन उठला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, “आबा!” त्याला माहीत असलेला एकच शब्द, त्याच्या आबांचा, त्याने ओळखला होता. पुढचे सगळे त्याला नवीन होते. ‘बाळांनो’ म्हणजे १९८८ सालचे आम्ही भावंडे, हे मी त्याला सांगितले नाही, आणि सांगणारही नाही.

त्या फाइलमध्ये अण्णांनी आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली आहे. त्यांचा जन्म १३४६ फसलीचा. निजामाच्या राज्यात फसली सन चालत असे आणि त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. शाळा उर्दू होती. व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात चाले आणि इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशेब ते आपल्या शिक्षकी आवाजात दोनदा समजावतात. देशाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळाले, परंतु मराठवाडा त्यानंतर तेरा महिने निजामाच्या राजवटीतच होता, हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढतो. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार येणार अशी आवई उठली की गावातील बाया-मुलांना लपवत. अण्णांना त्यांच्या वडिलांनी रिकाम्या पेवात, म्हणजे धान्य साठवण्याच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, उतरवले होते. उतरवण्यापूर्वी पेवात कंदील सोडून पाहिला होता, कारण बंद पेवातील हवा कोंदलेली असते आणि त्या हवेत दिवा विझला तर माणसाच्याही जिवाला धोका असतो. दिवा विझला नाही, मग बारा वर्षांचा मुलगा आत गेला. आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर, पोलीस ॲक्शन म्हणजे भारतीय सैन्याची हैदराबाद संस्थानावरची कारवाई झाल्यावर, शाळेच्या वाटेवर त्यांनी पहिल्यांदा तिरंगा पाहिला.

माझ्या मुलीने १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन पाहिले आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हा शब्द तिला पाठ आहे. पण पेव म्हणजे काय हे तिला माहीत नव्हते, आणि ‘आबा खड्ड्यात किती वेळ बसले, त्यांना तहान लागली का, कंदील त्यांच्याजवळच ठेवला होता का’ हे प्रश्न पुस्तकातल्या धड्यावर तिने कधी विचारले नसते. त्या रात्री ती आणि तिची आजी बराच वेळ बोलत बसल्या. बाईने अण्णांच्या काही गोष्टींना हरकतही घेतली. लग्नाच्या वऱ्हाडात पन्नास बैलगाड्या होत्या असे ते एका कॅसेटमध्ये सांगतात. बाईने ठामपणे सांगितले की सतराच होत्या आणि त्यातल्याही दोन वाटेत थांबल्या.

दोन प्रतींचे महत्त्व मला यानंतर कळले. पेवाची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना मी ‘मूळ’ प्रत लावली. त्यात खरखर जास्त होती, पण अण्णांच्या प्रत्येक विरामात एक ‘कट्’ असा बारीक आवाजही होता, जो ‘रोजच्या’ प्रतीत नव्हता. खरखर काढणाऱ्या संगणकाने तो आवाज दोष समजून पुसला होता. मुलीने विचारले, “हे काय वाजतंय?” मला क्षणभर कळले नाही आणि मग एकदम कळले. अण्णा गोष्ट सांगताना सुपारी कातरत. दिवा विझतो की नाही हे सांगण्यापूर्वी ते थांबतात, ‘कट्’, आणि मग सांगतात. मी पेटीतून अडकित्ता काढला. पितळी, मुठीजवळ झिजलेला. मुलीने तो हातात धरून उघडला-मिटला आणि कॅसेटमधल्या आवाजाशी जुळवून पाहिला.

मी मालकांना फोन करून हे सांगितले. त्यांनी माफी मागितली, माझी तक्रार नव्हती तरी, आणि सर्व नऊ ‘रोजच्या’ प्रती पुन्हा करून दिल्या. या वेळी त्यांनी फक्त सततची खरखर कमी केली आणि अडकित्ता, म्हैस, बाईच्या बांगड्या, दूरवरचा आकाशवाणी परभणीचा कार्यक्रम, हे सगळे राहू दिले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

खर्च सांगतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला ४०० रुपये, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला ५५० रुपये आणि घर बदलायचे असेल तर प्रत्येकी १५० रुपये. सात लहान, दोन मोठ्या, चार घरे आणि दोन पेन ड्राइव्ह मिळून माझे ५,१०० रुपये झाले. पक्की पावती मिळाली.

काही उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तीन आठवडे सांगितलेल्या कामाला सात आठवडे लागले आणि या काळात फोन करून विचारावे लागले, स्वतःहून निरोप आला नाही. दुपारी दोन ते पाच दुकान बंद असते, हे बाहेरगावहून येणाऱ्याला आधी सांगितले जात नाही. मी एकदा पूर्ण दुपार औरंगपुऱ्यात काढली. कॅसेट ताब्यात घेताना त्यांची स्थिती लिहून दिली जात नाही, ती दिली पाहिजे. दिलेले पेन ड्राइव्ह साधारण प्रतीचे होते, म्हणून मी सर्व फाइल लगेच घरच्या संगणकावर आणि भावाकडे पुण्याला अशा आणखी दोन ठिकाणी ठेवल्या. ज्यांना केवळ लवकर आणि स्वच्छ आवाज हवा आहे त्यांना हे दुकान रेंगाळणारे वाटेल.

मात्र एक सेवा अशी आहे जिचा दरपत्रकात उल्लेखही नाही. फाइलबरोबर मालक प्रत्येक कॅसेटसाठी एक आखलेला कोरा कागद देतात. डावीकडे मिनिट आणि सेकंद, उजवीकडे मोकळी ओळ. कोण बोलत आहे, कोणत्या गावाचे नाव आले, मागून कोणाचा आवाज आला, हे घरच्यांनी लिहून काढावे अशी त्यांची अपेक्षा असते. “आवाज मी देईन, पण तो कुणाचा हे मला माहीत नाही. आणि तुमच्यानंतर कुणालाच माहीत नसंल,” असे ते म्हणाले. ऐकताना बाईने कॅसेटमधील सात-आठ आवाज ओळखले, त्यांपैकी दोन माणसांची नावे आम्हा भावंडांपैकी कोणालाच आठवत नव्हती. ती तिने सांगितली म्हणून कागदावर आली. ज्यांच्या घरी असे ओळखणारे माणूस अजून आहे, त्यांनी कॅसेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पेटीत ठेवू नयेत, एवढी कळकळीची विनंती मी करतो. बुरशी चढलेल्या दोन कॅसेट अजून दुकानातच आहेत. त्यांतून काही निघेल की नाही याची खात्री मालकांनी दिलेली नाही, आणि काही निघाले नाही तर पैसे घेणार नाही असे सांगितले आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पान वाढून झाल्यावर आम्ही पेवाची गोष्ट सगळ्या पाहुण्यांना ऐकवली, मूळ प्रत, खरखरीसकट. त्या कॅसेटचा कागद माझ्या मुलीने भरला आहे. तिच्या अक्षरात त्यावर एक ओळ आहे : “१४ मिनिटे ३२ सेकंद – आबा सुपारी कातरतात. दिवा विझत नाही.”